कॅम सगळ्यात शेवटी

अमेरिकेत मसल कारचा आवाज खोक्यात मिळतो. लांबट खोकं, आत तेलकट पिशवीत गुंडाळलेली हातभर लांबीची बिडाची दांडी, दांडीवर सोळा उंचवटे आणि सोबत आकड्यांनी भरलेलं एक कार्ड. हा कॅमशाफ्ट. गाडी तीच, इंजिन तेच, कार्बोरेटर तोच. एवढी दांडी बदलली की सिग्नलला उभी असलेली गाडी अंग घुसळायला लागते. सायलेन्सरमधून ढग-ढग, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा, मग पुन्हा ढग-ढग. आरसे थरथरतात, बॉनेट थरथरतं, फुटपाथवर घडीची खुर्ची टाकून बसलेला माणूस हातातलं सँडविच खाली ठेवून मान वळवतो.

अशा माना वळवायला डेट्रॉईटच्या उत्तरेला एक हक्काचा दिवस आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅक गावापर्यंत वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते, ‘वुडवर्ड ड्रीम क्रूझ’. १९९५ साली फर्नडेलमध्ये मुलांसाठी सॉकरचं मैदान करायचं म्हणून वर्गणी गोळा करायला हा उद्योग सुरू झाला. रस्ता मात्र मुळातच मोटारींचा. १९०९ साली काँक्रीटचा पहिला मैलभर रस्ता याच वुडवर्डवर ओतला गेला, आणि साठच्या दशकात मोटार कंपन्यांचे इंजिनिअर दिवसा ड्रॉइंग बोर्डवर केलेलं काम रात्री इथेच, एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत पळवून बघत. जवळच रॉयल ओक गावात ‘रॉयल पॉन्टिअ‍ॅक’ नावाची एजन्सी होती. कंपनीतून आलेल्या पॉन्टिअ‍ॅकच्या जीटीओ गाड्या तिथे आणखी तिखट करून मिळायच्या.

वुडवर्डवर बसून आवाज ऐकताना माझ्या मनात राहून राहून येत होतं की आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री या रांगेतल्या निम्म्या गाड्यांकडे कान देऊन एकच वाक्य बोलेल: ‘मिसिंग मारतीय.’ आणि तो फारसा चुकणार नाही. हा आवाज ताकदीचा आहे असं सगळे समजतात. खरं म्हणजे तो कमी वेगात नीट श्वास न घेता येणाऱ्या इंजिनाचा आवाज आहे. शर्यतीच्या इंजिनाला हा दोष परवडतो, कारण त्याला सिग्नलला उभं राहायचंच नसतं. रस्त्यावरच्या गाडीत लोक तोच दोष पैसे मोजून बसवून घेतात आणि मग गाडी पूर्वीपेक्षा मठ्ठ का झाली म्हणून कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतात.

या लेखाला निमित्त झालेले काका त्या वाटेला जाता जाता राहिले. नाव छापायचं नाही या अटीवरच ते बोलले, त्यामुळे त्यांना काकाच म्हणते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या आणि लेथच्या आवाजात लहानपण गेलं, सत्तरच्या दशकात शिकायला मिशिगनला आले, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांत नोकरी करून निवृत्त झाले, राहायला ट्रॉयला. गॅरेजमध्ये १९७० ची शेव्हर्ले शेव्हेल मालिबू. गडद हिरवी, दोन दारांची. त्या वर्षीच्या शेव्हेलचं नाव निघालं की लोकांना आठवते ती एसएस ४५४, तिच्या सगळ्यात जहाल एलएस-६ इंजिनाला कंपनीनेच ४५० हॉर्सपॉवर सांगितले होते. काकांची गाडी त्या घराण्यातली गरीब चुलत बहीण. एसएसची पाटी नाही, आत ३५० घनइंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचा छोटा व्ही-एट.

तोही मूळचा नव्हे. “बघ, हे खोटं बोलत नाही,” म्हणत काकांनी मला बॉनेटखाली वाकायला लावलं. इंजिनाच्या मागच्या टोकाला, गिअरबॉक्स जिथे जोडतात त्या पट्टीवर, टॉर्च आणि छोटा आरसा धरून आकडे वाचायचे: ३९७००१०. हा ब्लॉक १९६९ पासून पुढे दहा वर्षं लाखो गाड्यांत गेला, त्यामुळे नुसत्या ब्लॉकवरून काही कळत नाही. मग रॉकरचं झाकण काढलं. हेडच्या ओतकामात आतल्या बाजूला आकडा होता, ३३३८८२. इथले लोक शेवटचे तीनच आकडे बोलतात: ‘एट-एटी-टू’. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरचं हेड. जळणाची पोकळी मोठी, ७६ सीसीची. तडकण्याबद्दल बदनाम. गाडी विकणाऱ्याने काकांना ‘हाय कॉम्प्रेशन इंजिन’ असं सांगितलं होतं. हे हेड असताना कॉम्प्रेशन फार तर साडेआठच्या आसपास.

साडेआठचं कारण इंजिनिअरिंगपेक्षा पेट्रोलमध्ये आहे. १९७० पर्यंत शिसं घातलेल्या उंची पेट्रोलवर दहा-अकरा कॉम्प्रेशनची इंजिनं सर्रास विकली जात. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर येऊ घातले, शिसं जाणार हे दिसू लागलं, तेव्हा जनरल मोटर्सने १९७१ च्या मॉडेलपासून कॉम्प्रेशन उतरवलं. १९७२ पासून हॉर्सपॉवर मोजायची रीतही बदलली. इंजिन पंखा, सायलेन्सर, फिल्टर अशा सगळ्या संसारासकट मोजायला लागले आणि कागदावरचे आकडे धाडकन खाली आले. मसल कारचं जे मरण म्हणून सांगतात त्यातलं थोडंसं मरण असं नुसतं मोजणीतलं आहे.

कॅमच्या निवडीत मात्र ते साडेआठ खरोखरच आडवं येतं. का, ते कळायला दांडी काय करते ते बघावं लागतं.

या जुन्या अमेरिकन इंजिनांत कॅम हेडमध्ये नसतो, ब्लॉकच्या पोटात क्रँकच्या डोक्यावर असतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत त्याची एक फेरी. उंचवटा लिफ्टरला उचलतो, लिफ्टर पुशरॉडला, पुशरॉड रॉकरला, आणि रॉकर पलीकडच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून उघडतो. शाळेत चार स्ट्रोक सुटे सुटे शिकवतात: ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं. हवेला हे वेळापत्रक ठाऊक नसतं. हवेला वजन आहे. ती उठायला वेळ लावते आणि एकदा धावायला लागली की थांबायलाही वेळ लावते. म्हणून इनटेकचा व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचायच्या आधीच उघडायला लागतो, आणि पिस्टन खाली जाऊन परत वर निघाला तरी बराच वेळ उघडा ठेवतात. पाच हजार आरपीएमला पिस्टन वर येत असतानाही मिश्रण आपल्याच वेगाने आत घुसत राहतं. आठशे आरपीएमला त्याच उघड्या व्हॉल्व्हमधून पिस्टन ते मिश्रण परत बाहेर ढकलतो. मोठा कॅम म्हणजे हा व्हॉल्व्ह आणखी उशिरा मिटणार. वरच्या वेगातली ताकद अशी खालच्या वेगातून उसनी घेतलेली असते. ज्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच साडेआठ, त्याच्याकडे उसनं द्यायला शिल्लक काय?

दुसरी गोष्ट ओव्हरलॅपची. जळालेला धूर बाहेर जात असतानाच ताजं मिश्रण आत यायला लागतं, काही अंश दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असतात. दादरला लोकलच्या एकाच दारातून उतरणारे आणि चढणारे एकदम सुटतात तसं. उतरणारा लोंढा जोरात असला तर त्याच्या मागोमाग पोकळी होते आणि चढणारे आत ओढले जातात. लोंढा रेंगाळला की चढणाऱ्यांसकट सगळे मागे रेटले जातात. आयडलिंगला नेमकं हेच होतं. धूर उलटा इनटेकमध्ये शिरतो, मिश्रणात भेसळ होते, एखादा सिलिंडर पेटतो, एखादा नुसताच धुमसतो. वुडवर्डवर टाळ्या घेणारा तो गाळलेला ठोका हाच.

आता कार्ड. त्यावर तीन गोष्टी पाहायच्या: व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, किती उंच उघडतो, आणि इनटेक व एक्झॉस्टच्या उंचवट्यांच्या शिखरांत किती अंशांचं अंतर आहे. हे अंतर कमी तर ओव्हरलॅप जास्त. १०७ म्हणजे अडखळणार, ११४ म्हणजे शहाण्यासारखं चालणार. अंश किती, ते सांगायच्या मात्र दोन पद्धती आहेत आणि तिथे भलेभले फसतात. जाहिरातीतले अंश कंपनी आपल्या सोयीने, व्हॉल्व्ह जेमतेम हलायला लागल्यापासून मोजते. दुसरी मोजणी लिफ्टर ०.०५० इंच उचलल्यापासून सुरू होते आणि ती सगळ्यांना सारखी. काकांनी टेबलावर दोन कार्डं शेजारी शेजारी मांडली. एडलब्रॉकच्या ‘परफॉर्मर’ कॅमचे जाहिरातीतले इनटेकचे अंश २७८. कॉम्प कॅम्सच्या एका लोकप्रिय कॅमचे २६२. कुठला मोठा? दुकानात शंभरातले नव्वद २७८ वर बोट ठेवतील. ०.०५० ला मोजलं तर पहिला २०४ आणि दुसरा २१८. पहिल्याचे उंचवटे संथ चढतात, दुसऱ्याचे झटकन. जाहिरातीत लहान दिसणारा कॅमच प्रत्यक्षात मोठा.

उंचवट्यांचे हे आकार घासून बदलता येतात हे ज्यांनी दाखवलं, त्यांची गोष्ट मला या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त आवडते. लॉस एंजेलिसच्या परिसरात एड विनफिल्ड नावाचा माणूस पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून फोर्डच्या कॅमला वेगळे आकार देत होता. त्याच्याकडे बघत बघत एड इस्केन्डेरियन हा १९२१ साली जन्मलेला आर्मेनियन वंशाचा मुलगा तयार झाला. दुसऱ्या महायुद्धातून परतल्यावर त्याला स्वतःच्या गाडीसाठी कॅम हवा होता, पण घासून देणाऱ्यांकडे एवढी रांग की महिनोन् महिने थांबावं लागणार. त्याने एक साधं ग्राइंडिंग मशीन घेतलं, ते कॅमसाठी बदललं आणि स्वतःच धंद्याला लागला. ‘इस्की’ हे नाव पुढे इतकं चाललं की लोक त्याला ‘कॅमफादर’ म्हणायला लागले. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात हॉट-रॉडच्या मासिकांतून कॅमवाल्यांनी एकमेकांवर जाहिरातींतून जी चिखलफेक केली ती वाचताना आपल्याकडची नाटक कंपन्यांची भांडणं आठवतात. कॅम मोठा म्हणजे चांगला, ही समजूत त्याच काळात घट्ट झाली असं मला वाटतं. आकडा मोठा छापला की खोका विकला जायचा.

कारखान्यांतले इंजिनिअर जास्त सबुरीने चालले. कॉर्व्हेट ज्याच्या नावाने ओळखली जाते त्या झोरा आर्कस-डंटॉव्हने १९५६ च्या सुरुवातीला स्वतः बेतलेला कॅम घातलेली कॉर्व्हेट डेटोनाच्या वाळूवर ताशी १५० मैलांच्या वर पळवून दाखवली. स्वतः चालवली. त्याचा ‘डंटॉव्ह कॅम’ आजही शेवटच्या तीन आकड्यांनी, ०९७ म्हणून ओळखतात. पॉन्टिअ‍ॅकमध्ये माल्कम मॅकेलर होते. त्यांच्या कॅमना तर ‘मॅकेलर’ आणि पुढे क्रमांक एवढंच नाव. पॉन्टिअ‍ॅकवाल्यांशी बोलताना ‘शून्य-सहा-आठ’ आणि ‘शून्य-चार-एक’ असे शब्द भक्तिभावाने उच्चारले जातात. ०६८ जीटीओच्या ग्राहकाला रोज चालवता येईल असा. ०४१ हा १९६९-७० च्या रॅम एअर फोर इंजिनातला, ज्याला आयडलिंगची फारशी पर्वा नव्हती. शेव्हर्लेचा एल-७९ इंजिनातला कॅम ०.०५० ला २२२ अंशांचा, म्हणजे आजच्या हिशेबानेही बऱ्यापैकी मोठा. पण शिखरांतलं अंतर ११४ ठेवल्यामुळे तो सभ्यपणे चालायचा. साध्या शेव्हर्लेंमध्ये वर्षानुवर्षं गेलेला ९२९ कॅम १९५ आणि २०२ अंशांचा. त्याचा कधी कुणी टी-शर्ट काढला नाही, पण त्याने लाखो संसार ओढले.

काकांच्या इंजिनात हाच ९२९ होता आणि एका एक्झॉस्टचा उंचवटा झिजून जवळजवळ गोल झाला होता. बदलणं भाग होतं. प्रश्न होता कशाने.

मुलाचं मत ठरलेलं होतं. मुलगा इथेच जन्मलेला, मराठी कळतं, बोलतो इंग्रजीत, वडिलांना मात्र ‘बाबा’. त्याला कॉम्पचा ‘थम्पर’ हवा होता. थम्पर ही मालिका मुळात आवाजासाठीच बेतलेली आहे आणि कंपनी ते लपवत नाही: सगळ्यात लहान थम्परसुद्धा ०.०५० ला इनटेकवर २२७ आणि एक्झॉस्टवर २४१ अंश, शिखरांतलं अंतर १०७. जाहिरातीतल्या अंशांनी, २७९ आणि २९७ ने, गणित केलं तर ओव्हरलॅप ७४ अंश. मला या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. ढग-ढग हवंय ना, हे घ्या ढग-ढग.

काकांनी कॅम कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला आणि स्पीकर चालू केला. पलीकडच्या माणसाने कॅमचं नाव काढायच्या आधी प्रश्नच विचारले. गाडीचं वजन? मागचा गिअर किती? टायर केवढा? गिअरबॉक्स कुठला, टॉर्क कन्व्हर्टर मूळचा की बदललेला? कॉम्प्रेशन मोजलंय की ऐकलंय? ब्रेक पॉवरचे आहेत का? एसी आहे? सगळ्यात शेवटी, गाडी घेऊन तुम्ही जाता कुठे?

काकांनी खरी उत्तरं दिली, आणि फोनवरचा माणूस दोनदा ‘थँक यू’ म्हणाला. का, ते नंतर कळलं. बहुतेक लोक कॉम्प्रेशन एकाने वाढवून सांगतात, गिअरही चढवून सांगतात, आणि कुठे जाता विचारलं की ‘कधीमधी शर्यतीला’ म्हणतात. त्या कल्पनेतल्या गाडीला बरोबर कॅम मिळतो आणि तो खऱ्या गाडीत बसवला जातो.

खरी उत्तरं अशी होती. मागचा गिअर २.७३. टायर साडेसव्वीस इंच. गिअरबॉक्स टर्बो ३५०, तीन गिअरचा, वरचा गिअर एकास एक, ओव्हरड्राइव्ह नाही. गणित सोपं आहे: ताशी ६५ मैलांना हे इंजिन साडेबावीसशे आरपीएमने फिरतं. थम्परची ताकद दोन हजारांच्या पुढे जागी व्हायला लागते. म्हणजे हायवेवर पूर्ण वेगात जाताना कॅम नुकता डोळे चोळत उठणार, आणि सिग्नलपासून निघताना तर गाढ झोपेत. मूळचा टॉर्क कन्व्हर्टर साधारण पंधरा-सोळाशेला पकडतो; त्या आरपीएमला इंजिनात जोर नसेल तर पाय दाबला की गाडी आधी सुस्कारा टाकणार, मग निघणार. इलाज आहेत. गिअर ३.७३ चा करा. मग तीच ६५ ची चाल ३०७० आरपीएमवर जाते आणि दोन तासांच्या प्रवासाला कानांत कापूस लागतो. कन्व्हर्टर अडीच हजाराचा घाला, हेड बदलून कॉम्प्रेशन चढवा. एका दांडीपायी अर्धी गाडी बदला.

ब्रेकचा मुद्दा मला सगळ्यात गंभीर वाटला, कारण त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. या गाड्यांचे पॉवर ब्रेक इंजिनाच्या व्हॅक्युमवर चालतात. साध्या कॅमचं निरोगी इंजिन आयडलिंगला १८ ते २० इंच पाऱ्याइतकं व्हॅक्युम देतं. ओव्हरलॅप वाढला की ते दहा-बारावर येतं. सिग्नलला दोनदा ब्रेक दाबला की तिसऱ्यांदा पेडल दगडासारखं. दीड टनांहून जड गाडी आणि पुढे शाळेची बस. याच कमी व्हॅक्युममुळे क्वाड्राजेटसारख्या कार्बोरेटरला वाटतं की पाय जोरात दाबलाय, तो उभ्या गाडीला जास्तीचं पेट्रोल पाजतो आणि डोळे चुरचुरतात. वुडवर्डवर तो वास सगळीकडे असतो. काही जणांना आवडतो.

फोनवरच्या माणसाने शेवटी जी जातकुळी सुचवली ती २०४-२१४ अंशांची, शिखरांतलं अंतर ११२, व्हॉल्व्ह साधारण ०.४२ ते ०.४४ इंच उघडणारा. म्हणजे ९२९ पेक्षा थोडाच मोठा. स्वतःच्या कंपनीचा महागडा कॅम विकायचा सोडून त्याने हे सांगितलं, याची नोंद व्हायला हवी. मुलगा निराश झाला. “पीपल विल थिंक इट्स स्टॉक, बाबा.” काका म्हणाले, “समजू दे की. सिग्नल सुटला की कळेल.”

रोलर लिफ्टरचा विचार झाला. फ्लॅट लिफ्टर उंचवट्यावर घासत सरकतो, रोलर चाकावर फिरतो. त्यामुळे उंचवटा जास्त खडा घासता येतो आणि झीजही कमी. जनरल मोटर्सने छोट्या व्ही-एटमध्ये १९८७ पासून रोलर दिले. जुन्या ब्लॉकमध्ये ते बसवायचे तर वेगळ्या जोडलिफ्टरांचा संच लागतो आणि खर्च तिप्पट-चौपट होतो. आज मला कुणी विचारलं तर मी पैसे साठवून रोलरच घाला म्हणेन. काकांनी फ्लॅटच घेतला. “उद्यमनगरातला माणूस आहे मी. घासणाऱ्या गोष्टीला तेल कसं द्यायचं ते मला कळतं.”

तेल द्यायचं कसं हीच आता अडचण झाली आहे. फ्लॅट कॅमचा उंचवटा सपाट दिसतो पण किंचित उतरता घासलेला असतो आणि लिफ्टरचा तळ किंचित फुगीर. त्यामुळे लिफ्टर प्रत्येक ठोक्याला स्वतःभोवती थोडा फिरतो आणि एकाच जागी घासत नाही. फिरायचा थांबला की काही मिनिटांत उंचवट्याचा भुगा. त्या अगदी बारीक जागेत धातूला धातूपासून लांब ठेवायचं काम तेलातलं झिंक-फॉस्फरसचं मिश्रण करतं. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवतं म्हणून गाड्यांच्या तेलातलं फॉस्फरस टप्प्याटप्प्याने कमी करत आणलं. २००४ च्या प्रमाणापासून नेहमीच्या पातळ तेलांत ते ०.०८ टक्क्यांवर आलं. नव्या इंजिनांना त्याने काही होत नाही. पन्नास वर्षांपूर्वीच्या इंजिनात नवा कॅम घालून त्यात सुपरमार्केटमधलं तेल ओतलं तर कॅम जाऊ शकतो. त्यात गेल्या काही वर्षांत बाजारात येणाऱ्या लिफ्टरांच्या दर्जाबद्दलही तक्रारी आहेत. काकांनी सोळा लिफ्टर काचेवर ठेवून एकेकाचा फुगीरपणा तपासला. दोन सपाट निघाले, ते परत गेले.

काम शनिवारी सकाळी सुरू झालं. रेडिएटर बाहेर, पंखा, पुली, पेट्रोल पंप, इनटेक मॅनिफोल्ड बाहेर. जुना कॅम काढताना काकांनी त्याच्या तोंडाला तीन लांब बोल्ट आवळले, तीच मूठ. पाच बेअरिंगांतून ही दांडी बाहेर येताना एखादा उंचवटा बेअरिंगला लागला तर नवं काम उपटतं, म्हणून श्वास रोखून, तसूतसूने. बाहेर आल्यावर चिंधीने पुसली. दोन उंचवट्यांच्या मध्ये ओतकामातच उठलेली अक्षरं: सीडब्ल्यूसी. मस्कीगन गावच्या फौंड्रीची खूण, मिशिगनचीच. काका बराच वेळ अंगठ्याने ती अक्षरं चाचपत होते. फौंड्रीवाल्यांना ओतकाम हातात आलं की सोडवत नाही.

मी सोलापूरचा विषय काढला. चादरीच्या गावात १९९२ पासून प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी बिडाचे कॅम ओतते आणि जगभरच्या मोटार कंपन्यांना पाठवते. जनरल मोटर्स आणि फोर्ड तिचे ग्राहक. बिडाचा उंचवटा टणक कसा करायचा, तर साच्यात त्या जागी धातूचे तुकडे बसवायचे. वितळलेलं बीड तिथे पटकन गार होतं आणि कडक होतं, बाकीची दांडी घासता येण्याइतकी मऊ राहते. “म्हाइत हाय,” काका म्हणाले. त्यांच्या दोन पुतण्यांचं शिक्षण अशाच फौंड्रीच्या पगारावर झालं.

नवा कॅम बसला, पण नुसत्या खुणा जुळवून काकांचं समाधान होईना. क्रँकवर अंशांची गोल चकती लावली, लिफ्टरवर डायल इंडिकेटर, आणि इनटेकचं शिखर पिस्टन वर पोचल्यानंतर प्रत्यक्षात किती अंशांनी येतं ते मोजलं. कार्डावर १०७, चकतीवर १०९. चेन, चावी, गिअर यांतल्या बारीक बारीक चुका साठून दोन अंशांचा उशीर झाला होता. क्रँकच्या गिअरला तीन खाचा असतात, एक जागेवर, एक चार अंश पुढे, एक चार अंश मागे. काकांनी चार अंश पुढची खाच घेतली. शिखर १०५ वर आलं. त्याने व्हॉल्व्ह थोडा लवकर मिटतो आणि खालच्या वेगात दम वाढतो. २.७३ च्या गिअरला तेच हवं होतं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगाही नव्या घातल्या. जुन्या चाळीस वर्षं दबून मऊ झालेल्या.

पहिल्यांदा चालू करतानाचा नियम कडक आहे. उंचवट्यांवर काळी मॉली पेस्ट, झिंकचं तेल, टायमिंग आधीच अचूक, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरलेलं, म्हणजे सेल्फ मारत बसावं लागत नाही. पेटल्याबरोबर आरपीएम दोन हजारांवर न्यायचे आणि वीस-तीस मिनिटं खाली येऊ द्यायचे नाहीत. आयडलिंगला क्रँक संथ फिरतो, कॅमवर तेल पुरेसं उडत नाही. पुशरॉडांवर मुलाने आधीच पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारून ठेवली होती. रॉकरचं एक झाकण काढून ठेवलेलं, तेल उडू नये म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा. इंजिन पेटलं आणि गॅरेजभर निळसर धूर झाला. दारात उभ्या काकूंनी नाकाला पदर लावला. पहिले काही सेकंद कुणी आवाजाकडे लक्षच दिलं नाही. तिघंही आडोशावरून वाकून पांढऱ्या रेघा बघत होतो. एकेक रेघ हळूहळू सरकत मागे जात होती, पुन्हा पुढे येत होती. आठही फिरत होत्या. मग झाकण बदललं, दुसऱ्या बाजूच्या आठ बघितल्या. त्याही.

आरपीएम खाली आणल्यावर व्हॅक्युम गेजचा काटा साडेसतरावर टेकला. आयडलिंग नव्या गाडीसारखं रेशमी नाही. कान देऊन ऐकलं तर किंचित खरखर. फुटपाथवरची मान वळणार नाही हे नक्की. मात्र रोचेस्टर रोडवर सिग्नल सुटला आणि काकांनी पाय दाबला तेव्हा सुस्कारा नव्हता. सीट पाठीला लागली, मुलगा एक अक्षर बोलला नाही, आणि पुढच्या सिग्नलला ब्रेक पहिल्यासारखे मऊ लागले.

मुलाने अजून हार मानलेली नाही. आता त्याच्या डोक्यात २००-४आर हा गिअरबॉक्स आहे: टर्बो ३५० च्या जागेत त्याच लांबीचा बसतो, वरचा गिअर ०.६७ चा. मागे ३.७३ घातला तरी हायवेवर ६५ ला इंजिन दोन हजाराच्या थोडंच वर राहील आणि सिग्नलला मात्र जोर दीडपट. सोबत ६४ सीसीची हेडं आली तर कॉम्प्रेशन नवाच्या पुढे जाईल. एवढं झालं तर फोनवरच्या त्या माणसाच्या प्रश्नांची सगळी उत्तरं बदलतात, आणि २१८ अंशांचा कॅम तेव्हा अगदीच अवाजवी ठरणार नाही. मुलगा तो आत्ताच मागवायचं म्हणतोय, सवलत चालू आहे म्हणून. काकांनी कंपनीचा प्रश्नांचा फॉर्म छापून गॅरेजच्या भिंतीला लावलाय. वजनाचा आणि टायरचा रकाना भरलाय. बाकीचे गिअरबॉक्स बसल्यावर, कॉम्प्रेशन मोजल्यावर भरायचे असं त्यांचं म्हणणं, आणि तोवर क्रेडिट कार्ड काकूंच्या पर्समध्ये.